दुसऱ्यांची स्केचेस आणि आठ ऑस्कर

ईडीच्या शीटची एकदाही जीटी न मारलेला प्राणी आपल्या हॉस्टेलवर शोधून सापडायचा नाही. पण दुसऱ्यांची चित्रं दाखवून थेट हॉलिवूडमध्ये नोकरी? एडिथ हेड नावाच्या बाईने हे केलंय!

१८९७ साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या एडिथचे सावत्र वडील मायनिंग इंजिनिअर (म्हणजे आपलेच!), त्यामुळे तिचं लहानपण खाणींच्या वस्त्यांवर गेलं. स्टॅनफर्डमधून फ्रेंचमध्ये एम.ए. करून ती शाळेत शिकवू लागली. पगार वाढावा म्हणून चित्रकलेचा तासही घेतला आणि तो निभावायला स्वतः संध्याकाळचा क्लास लावला! १९२४ मध्ये पॅरामाउंट स्टुडिओला स्केच आर्टिस्ट हवे होते. हिला कपड्यांची चित्रं कुठे येत होती? मग क्लासमधल्या मुलांची स्केचेस गोळा केली, आपली म्हणून दाखवली आणि नोकरी मिळाली. पुढे तिने हे स्वतःच कबूल केलं.

चोरी ती चोरीच. पण नंतर ती खरंच शिकली. हॉवर्ड ग्रीअर आणि ट्रॅव्हिस बँटन यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबली आणि १९३८ मध्ये पॅरामाउंटची मुख्य डिझायनर झाली. तिचा तो प्रसिद्ध गडद चष्मा स्टाइल म्हणून नव्हता बरं का. निळ्या काचेतून पाहिलं की कापडाचा रंग ब्लॅक अँड व्हाइट पडद्यावर कसा दिसेल याचा अंदाज यायचा. आहे ना इंजिनिअरचं डोकं?

आणि मापं चुकतात ती फक्त आपल्याच वर्कशॉपमध्ये असं नाही. 'ऑल अबाउट ईव्ह'च्या वेळी बेटी डेव्हिसचा गाऊन ऐन शूटिंगला गळ्याशी मोठा निघाला. एडिथला घाम फुटला. बेटीने तो सरळ खांद्यांवरून खाली ओढला, आणि तीच फॅशन गाजली. त्या सिनेमासाठी एडिथला (चार्ल्स लमेअरबरोबर) ऑस्करही मिळालं.

मला खटकतं ते 'सॅब्रिना'चं प्रकरण. ऑड्री हेपबर्नचे त्यातले सगळ्यात गाजलेले कपडे मूळचे पॅरिसच्या जिव्हांशीचे. पडद्यावर नाव मात्र एकट्या एडिथचं, आणि १९५५ चं ऑस्करही तिलाच. तिने त्याचं नाव घेतलं नाही. क्लासमधली मुलगी नोकरीसाठी धडपडत होती, समजू शकतो. पण इथे तर ती शिखरावर होती. काय गरज होती?

एकूण ३५ नामांकनं, ८ ऑस्कर. शेवटचं 'द स्टिंग'साठी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी. २४ ऑक्टोबर १९८१ ला ती गेली, तोपर्यंत काम चालूच होतं. त्यानंतर दीडच वर्षाने, १९८३ मध्ये, हेच ऑस्कर 'गांधी'साठी जॉन मोलोबरोबर आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळालं.