कर्मवीर भाऊराव पाटील: नांगर विकणाऱ्या माणसाने गावोगावी शाळा कशा पोहोचवल्या?

सरकारी शाळेत तंत्रज्ञान म्हटलं की स्मार्ट टीव्ही, टॅबलेट आणि पुस्तकातले क्यूआर कोड आठवतात. पण मेढ्यापासून आत, जावळीच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवरच्या शाळेला आधी वेगळेच प्रश्न पडतात. पावसाळ्यात वीज टिकेल का? रेंज येते का? टीव्ही बंद पडला तर दुरुस्तीला सातारला कोण नेणार? आणि मुख्य म्हणजे, तो वापरून शिकवणारं माणूस तिथे आहे का?

याच सातारा जिल्ह्यात, खेड्यात वीज पोहोचण्याच्या कितीतरी आधी, एका माणसाने असल्याच प्रश्नांना हात घातला होता. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण आज त्यांच्याकडे जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू.

मॅट्रिकही न झालेला मास्तर

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. जैन शेतकरी कुटुंब, वडील महसूल खात्यात नोकरीला. लहानपणी अस्पृश्य माणसांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण सांगितली जाते.

शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये झालं, पण मॅट्रिकच्या आतच थांबलं. काही काळ शाहू महाराजांच्या सहवासात राहायला मिळालं. सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह ही कल्पना त्यांनी तिथे जवळून पाहिली. पुढे साताऱ्यात शिकवण्या घेऊन ते पोट भरू लागले. सांगलीकडच्या दूधगावात विद्यार्थी आश्रम सुरू करण्यातही त्यांचा हात होता.

१९१४ मध्ये कोल्हापुरात राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. त्यात खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांचा छळ झाला. त्यांनी साक्ष दिली नाही.

नांगराचा फिरता विक्रेता

त्यानंतर ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते झाले. आज ट्रॅक्टरच्या जमान्यात नांगर म्हणजे साधी वस्तू वाटते, पण तेव्हा ते नवं तंत्रज्ञान होतं. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो, तर लोखंडी नांगर माती खोलवर कापून उलटी करतो. त्यामुळे हराळी आणि कुंदा यांच्या मुळ्या वर येतात. तरीही लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांना भीती होती. किर्लोस्करांचे सुरुवातीचे नांगर खपायलाच दोन वर्षं लागली होती.

असली वस्तू माहितीपत्रक वाटून विकली जात नाही. गावात जावं लागतं, शेतात चालवून दाखवावी लागते, फाळ झिजला तर काय करायचं तेही सांगावं लागतं. हे काम करत भाऊराव गावोगाव हिंडले. पुढे धनजीशा कूपर यांच्या साताऱ्याजवळच्या कारखान्याच्या उभारणीतही ते होते. नंतर वाट वेगळी झाली आणि ते पूर्णवेळ शिक्षणाकडे वळले.

माझ्या मते रयत शिक्षण संस्थेचं मूळ या फिरतीत आहे. आधी गाव बघायचं आणि मग योजना आखायची, ही सवय त्यांना इथेच लागली असावी.

खर्चाचं गणित

४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये तिचा कारभार साताऱ्याला आला. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं.

अडचण होती पैशाची. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. या संस्थेच्या जमाखर्चात त्यांचा वाटा सगळ्यात मोठा होता.

पण एका घरच्या दागिन्यांवर शेकडो मुलं शिकत नाहीत. म्हणून कमवा आणि शिका. मुलं शेतात राबायची, स्वयंपाक करायची, बांधकामावर दगडमाती वाहायची आणि शिकायची. फी भरायची ऐपत नसलेला मुलगाही आत येऊ शकेल, अशी ही रचना होती. १९४० मध्ये साताऱ्यात याच तत्त्वावर महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं.

आधी शिक्षक, मग शाळा

१९३५ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. त्यानंतर शाळा नसलेल्या खेड्यांत व्हॉलंटरी शाळांचं जाळं पसरलं. असल्या शाळांचा आकडा ५७८ वर गेला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये दहा लोकांवर चाललेली गोष्ट दहा हजारांवर कोसळते, कारण मधली यंत्रणा तयार नसते. शाळेच्या बाबतीत ही मधली यंत्रणा म्हणजे शिक्षक.

पुढे सरकारवर टीका केली म्हणून संस्थेचं अनुदान काही काळ बंद झालं, तरी शाळा टिकल्या. गावाने धान्य, जागा, वर्गणी दिलेली होती, त्यामुळे शाळा गावाची होती. ९ मे १९५९ ला भाऊराव गेले, तेव्हा संस्थेची शंभराहून जास्त हायस्कूलं आणि तीन कॉलेजं होती. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं.

आज याचं काय करायचं?

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर धडा उघडतो. सोय चांगली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी क्यूआर कोड वापरून दाखवले, तेही वर्गातल्या मुलांची अडचण समजून घेऊन. तिथेही सुरुवात शिक्षकापासूनच झाली.

तेव्हा तुमच्या गावच्या शाळेला कुणी टीव्ही किंवा टॅबलेट देणार असेल, तर कंपनी आणि मॉडेल विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. शिक्षकांना तो वापरायला कोण आणि किती दिवस शिकवणार? नेट नसताना धडे चालतील अशी सोय आहे का? आणि दोन वर्षांनी बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कोण उचलणार? उत्तरं मिळाली नाहीत, तर वस्तू घेण्याआधी गावाची एक बैठक बोलवा. भाऊरावांचं कामही असंच गावात बसून, लोकांशी बोलून सुरू व्हायचं.