संत जोसेफ वाझ : ज्यांना सर्वांनी सोडले, त्यांचा सोबती



१६ जानेवारी हा संत जोसेफ वाझ यांचा सण. युवा मंडळात समाजसेवेचा विषय निघाला, की आपण आधी पैसे किती आणि माणसे किती याचा हिशेब मांडतो. आपली संख्या थोडी, साधने त्याहून थोडी. मग विषय तिथेच थांबतो. म्हणून हातात काहीही नसताना अख्ख्या बेटाची सेवा करणाऱ्या या गोव्याच्या संताची आठवण आज करू या.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे, आजोळी झाला. त्यांचे घराणे सांकवाळचे. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हापासून गोरगरिबांप्रमाणे ते अनवाणी चालू लागले. १६८१ ते १६८४ या काळात त्यांनी कर्नाटकच्या किनारपट्टीवर मिशनकार्य केले. परत आल्यावर १६८५ मध्ये काही गोमंतकीय धर्मगुरूंसह त्यांनी ओरेटरी हा संघ उभा केला.

त्यांचे मन मात्र श्रीलंकेकडे लागले होते. पोर्तुगीजांना हरवून डचांनी तेथील किनारपट्टी घेतली होती. कॅथलिक उपासनेवर बंदी होती, धर्मगुरूंना हाकलून दिले होते आणि त्यांना आसरा देणाऱ्यांना कठोर शिक्षा होत असे. श्रद्धावंतांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याच्या उशाशी धर्मगुरू नाही. हे ऐकून फादर वाझ स्वस्थ बसू शकले नाहीत. १६८६ मध्ये त्यांनी गोवा सोडला. सोबत जॉन नावाचा सेवक होता. मजुराच्या वेशात दोघे १६८७ मध्ये जाफन्याच्या किनाऱ्यावर उतरले.

उतरले तेच आजारी. खडतर प्रवासामुळे फादरांना जबर हगवण लागली होती. थोडे बरे वाटताच त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि भीक मागत दारोदार फिरू लागले. जपमाळ पाहून कोणाचे डोळे भरून येतात, कोण आपुलकीने बोलते, यावरून आपली माणसे त्यांनी ओळखली. मग रात्रीच्या अंधारात घराघरांत मिस्सा होऊ लागल्या. धर्मगुरू नसताना प्रार्थना थांबू नये म्हणून त्यांनी गावोगावच्या प्रापंचिकांवरच जबाबदारी सोपवली. संकटाच्या काळात ख्रिस्तसभा जगली ती या साध्या माणसांमुळे.

१६९२ मध्ये ते बेटाच्या मध्यभागी असलेल्या कँडी या राजधानीत गेले. पोर्तुगीजांचा हेर समजून राजाने त्यांना आणि जॉनला तुरुंगात टाकले. तुरुंगातला वेळ त्यांनी सिंहली भाषा शिकण्यात घालवला. पुढे मोठा दुष्काळ पडला असता त्यांच्या प्रार्थनेने पाऊस आला, असे परंपरा सांगते. राजाचे मन हळूहळू निवळले.

पण त्यांची खरी परीक्षा १६९७ मध्ये झाली. कँडीत देवीची साथ आली. देवीची लस जेनर यांनी शोधली ती १७९६ साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. तेव्हा पळून जाणे हाच लोकांना ठाऊक असलेला एकमेव उपाय. राजा राजधानी सोडून गेला. घरच्यांनी घरच्यांना सोडले. रुग्ण ओस पडलेल्या घरांत आणि रानात एकटे पडले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो मात्र मागे राहिले. रिकाम्या घरांत त्यांनी रुग्णांची सोय केली. अन्नपाणी देणे, जखमा धुणे, शुश्रूषा करणे, मेलेल्यांना पुरणे, ही सारी कामे त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. रुग्ण कॅथलिक आहे की बौद्ध, हा प्रश्न त्यांनी मनात आणला नाही. ज्या राजाने त्यांना कोंडले, त्याच राजाची प्रजा ते सांभाळत होते. साथ ओसरल्यावर राजाने त्यांचे ऋण मानले. पण त्या मोबदल्यासाठी त्यांनी सेवा केली नव्हती.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्याला परतले नाहीत. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी तिथेच पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

आपल्या औसा तालुक्याला संकट नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणीकंप झाला आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. त्या दिवशी माती उपसणाऱ्या हातांनी कोणाची जात वा धर्म विचारला नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. करोनाच्या काळात तर घरचेच घरच्यांजवळ जायला भ्यायले. म्हणजे कँडीतली ती ओस घरे आपणही पाहिली आहेत.

मोठ्या संकटात सगळेच धावतात. पण ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही असा माणूस एरव्हीही आपल्या शेजारी असतो. मुले पुण्या-मुंबईला गेल्याने एकटे राहिलेले आजीआजोबा, अंथरुणाला खिळलेला रुग्ण, आईवडील ऊसतोडीला गेल्याने मागे राहिलेली लेकरे. आमच्या मनात काही साध्या गोष्टी येतात. दोघादोघांच्या जोडीने दर रविवारी मिस्सानंतर अशा एका घरी जावे, तासभर बसावे, पाणी भरून द्यावे. लातूरच्या दवाखान्यात जाणाऱ्या रुग्णासोबत एकाने जावे. निराधार वृद्धांचे संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजनेचे अर्ज शिकलेल्या मुलांनी भरून द्यावेत. दहावीच्या मुलांचा संध्याकाळी अभ्यास घ्यावा. आणि तांड्यावर जायचे असेल तर आधी बंजारा बोलीतले चार शब्द शिकावेत. परक्याची भाषा शिकणे हाही त्याचा मान राखणे असते, हे फादर वाझ यांनी तुरुंगात बसून दाखवले.

यांपैकी कशालाही मोठी वर्गणी लागत नाही. एक पथ्य मात्र पाळू या. सेवेच्या बदल्यात काही मागायचे नाही, आभाराची वाट पाहायची नाही आणि दुःखी माणसाचे फोटो काढायचे नाहीत. आपल्या सेवेकडे कोणी संशयाने पाहिले तरी वाद घालू नये. पुढच्या रविवारी पुन्हा त्या घरी जावे.

हे प्रभो, संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीने आमच्या युवक-युवतींच्या मनातली भीती आणि आळस दूर कर. ज्या दाराकडे कोणी जात नाही, त्या दाराशी जाण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.