मार्गारेट वेड : बंद पडलेला संघ उभारणाऱ्या प्रशिक्षक

अमेरिकेतील महिला बास्केटबॉलचा पाया घालणाऱ्या प्रशिक्षकांमध्ये मार्गारेट वेड यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. खेळाडू म्हणून त्यांची वाटचाल मात्र ऐन उमेदीत रोखली गेली होती.

वेड यांचा जन्म ३० डिसेंबर १९१२ रोजी मिसिसिपी राज्यात झाला. डेल्टा स्टेट महाविद्यालयाच्या संघाचे कर्णधारपद त्यांनी भूषवले. परंतु हा खेळ तरुणींना झेपणारा नाही, असे ठरवून महाविद्यालयाने १९३२ मध्ये महिला संघच बंद केला. संतप्त खेळाडूंनी आपले गणवेश जाळले. पुढे टुपेलो येथील संघाकडून खेळताना झालेल्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे वेड यांचे खेळणे कायमचे थांबले.

त्यानंतर त्या प्रशिक्षणाकडे वळल्या. क्लीव्हलँड हायस्कूलच्या मुलींच्या संघाला त्यांनी १९ वर्षांत ४५३ विजय मिळवून दिले.

शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास मनाई करणारा कायदा १९७२ मध्ये संमत झाला. पुढच्याच वर्षी डेल्टा स्टेटने महिला संघाची पुनर्बांधणी साठ वर्षांच्या वेड यांच्याकडे सोपवली. १९७४-७५ च्या हंगामात हा संघ अपराजित राहिला. १९७५ ते १९७७ अशी सलग तीन वर्षे त्याने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. ऑलिम्पिकमधील महिला बास्केटबॉलचा पहिला बास्केट १९७६ मध्ये मॉन्ट्रियल येथे नोंदवणाऱ्या लुसिया हॅरिस या त्यांच्याच शिष्या.

वेड १९७९ मध्ये निवृत्त झाल्या. १९८५ मध्ये नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १६ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन महिला खेळाडूला १९७८ पासून त्यांच्या नावाने ‘वेड करंडक’ दिला जातो.