मातीतल्या बुरशीत औषध शोधणारे सुब्बाराव आणि मलेरियावरची गोळी

मलेरियाचा जोर असलेल्या देशात निघालेल्या माणसाला डॉक्टर बऱ्याचदा डॉक्सिसायक्लिन लिहून देतात. रोज एक गोळी, परत आल्यावरही चार आठवडे चालू. या गोळीच्या घराण्यातलं पहिलं औषध सापडलं होतं चिमूटभर मातीत, आणि ती शोधमोहीम चालवत होता एक तेलुगू माणूस.

येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १२ जानेवारी १८९५, गाव आंध्रातलं भीमवरम. मॅट्रिक तिसऱ्या प्रयत्नात सुटली. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात असताना गांधीजींच्या प्रभावाखाली खादी घालायला लागले. इंग्रज प्राध्यापकाला ते खटकलं आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस या दुय्यम पदवीवर समाधान मानावं लागलं. त्याच सुमारास स्प्रू नावाच्या आतड्याच्या आजाराने त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने गेले. स्वतः सुब्बारावही त्याच आजारातून जेमतेम वाचले.

१९२२ साली ते बोस्टनला पोचले. भारतात परत येणं त्यांच्या नशिबी नव्हतं. हॉस्पिटलात पडेल ते काम करून ते शिकले. हार्वर्डमध्ये त्यांनी रक्तातलं फॉस्फरस मोजायची पद्धत बसवली, स्नायूंना ताकद देणाऱ्या रसायनांवर मोठं काम केलं. तरी कायमची नोकरी मिळाली नाही ती नाहीच. शेवटी १९४० मध्ये त्यांनी लेडर्ले या औषध कंपनीची वाट धरली.

काळ महायुद्धाचा होता. १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतलं. जगातलं बहुतेक क्विनाइन तिथल्या सिंकोना झाडांच्या सालीतून यायचं, ते बंद झालं. इकडे बुरशीतून निघालेलं पेनिसिलिन जखमी सैनिकांना वाचवत होतं. निसर्गात अजून काय काय दडलंय, हा प्रश्न सगळ्याच प्रयोगशाळांना पडला होता.

सुब्बाराव यांच्या विभागात ही जबाबदारी आली बेंजामिन डग्गर यांच्याकडे. हे सत्तरी ओलांडलेले, विद्यापीठातून निवृत्त झालेले वनस्पतीशास्त्रज्ञ! ठिकठिकाणची माती मागवायची, त्यातले जीव वाढवायचे आणि कोण जंतू मारतो ते बघायचं, असं ते किचकट काम. १९४५ मध्ये मिसुरीतल्या एका गवताच्या शेतातल्या मातीत सोनेरी रंगाचा जीव सापडला. म्हणून औषधाचं नाव ऑरिओमायसिन.

तसा तो जीव खरी बुरशी नव्हे. स्ट्रेप्टोमायसिस हे बुरशीसारखे धागे काढून वाढणारे जिवाणू आहेत. त्या काळी मात्र त्यांना सर्रास बुरशीच म्हटलं जायचं.

शोध चालू होता जंतूंवरच्या औषधाचा, मग मलेरिया मध्ये कुठे आला? मलेरियाच्या परजीवीच्या पोटात एक बारीकसा अवयव असतो, फार पूर्वी शेवाळाकडून आलेला. त्याची प्रथिनं बनवायची यंत्रणा जिवाणूंसारखीच चालते. टेट्रासायक्लिन घराण्यातली औषधं नेमकी तिथे घाव घालतात. परजीवी लगेच मरत नाही, मरते त्याची पुढची पिढी. म्हणून आजारी माणसाला हे औषध एकटं देत नाहीत, जोडीला झपाट्याने काम करणारं दुसरं औषध लागतंच. लहान मुलं आणि गरोदर बायकांना तर हे सहसा देतच नाहीत.

हे सगळं कळायला कित्येक वर्षं गेली. सुब्बाराव यांच्याकडे तेवढी वर्षं नव्हती. फॉलिक अॅसिड, हत्तीरोगावरचं हेट्राझान, कॅन्सरवरचं अमिनोप्टेरिन, सगळं त्यांच्याच विभागातून मोजक्या वर्षांत बाहेर पडलं. त्यातलं फॉलिक अॅसिड स्प्रूवर उपयोगी ठरलं, भाऊ गेल्यावर पाव शतकाने. ऑरिओमायसिनची जाहीर माहिती जगाला मिळाली ती जुलै १९४८ मध्ये. ८ ऑगस्ट १९४८ रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी, सुब्बाराव झोपेतच गेले. औषधाच्या बातम्यांत नाव डग्गर यांचं राहिलं. पहिल्या संशोधकाचा मान त्यांचाच होता, त्यात वावगं काही नाही. पण विभाग चालवणारा माणूस लोकांना फारसा कळलाच नाही.

१९५३ मध्ये बुरशीचं एक नवं कूळ सापडलं. ही मात्र अस्सल बुरशी. हेसल्टाइन या शास्त्रज्ञाने तिचं नाव ठेवलं सुब्बारोमायसिस.