मूस साहेबांनी कुलाब्याचा डेटा अलिबागला कसा नेला?

पीअर-टू-पीअर नेटवर्कमधून एखादा नोड कायमचा गेला, तर त्याच्या वाट्याच्या कामाचं काय होतं? हे सांगताना मला नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस आठवतात.

मूस यांचा जन्म १८५९ चा. योगायोग म्हणजे, त्याच वर्षी सप्टेंबरात सूर्यामुळे उठलेलं प्रचंड चुंबकीय वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदलं गेलं. पुढे एडिंबरोला शिकून आलेले मूस १८९६ मध्ये याच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जोर किती, अशा १८४६ पासूनच्या सलग नोंदी त्यांच्या हाती आल्या.

आणि मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि नाजूक चुंबकमापक बिघडवतो. शहराने ट्राम सोडावी असं कोण म्हणणार? वेधशाळेलाच हलायचं होतं. जागा निवडली समुद्रापलीकडची, साधारण ३० किलोमीटरवरच्या अलिबागची. इमारतींना चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला, लोखंड टाळलं. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या.

पण कुलाबा लगेच बंद केलं नाही, आणि मला वाटतं मूस यांचं खरं मोठेपण इथेच आहे. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली. चुंबकीय आकडा जागेला बांधलेला असतो. अलिबागचा आकडा कुलाब्याच्या वहीत तसाच लिहून चालत नाही. दोन्हीकडचे एकाच वेळचे आकडे शेजारी ठेवले की फरक कळतो आणि जुनी मालिका नव्या जागेवरून पुढे नेता येते. ट्राम धावली १९०७ मध्ये. तोवर काम झालं होतं.

आता नेटवर्ककडे येऊ. २००१ मध्ये मांडलेल्या 'कॅन' या रचनेत मधला सर्व्हर नाही. सगळी जागा तुकड्यांत वाटलेली, एक तुकडा एका नोडकडे. प्रत्येकाला फक्त शेजारी ठाऊक. प्रश्न हातोहात पुढे सरकत योग्य नोडपर्यंत पोचतो. जाणारा नोड आपला तुकडा आणि डेटा शेजाऱ्याकडे सोपवतो. (मूस यांना फरकही मोजावा लागला, तेवढं ते काम अवघड.)

मूळ कॅनमध्ये डेटाची जागा हॅशने ठरते, आणि नकाशावरच्या शोधाला तेच नडतं. हॅश अलिबाग आणि रेवदंड्याच्या नोंदी कुठल्या कुठे फेकतो. मग अलिबागपासून २० किलोमीटरच्या आतलं सगळं दाखव म्हटलं, की गावभर विचारत फिरा! म्हणून अशा शोधासाठी अक्षांश-रेखांशांवरूनच तुकडे पाडतात, किंवा हिल्बर्टच्या वक्रासारखी रेषा सगळ्या नकाशावरून फिरवतात. त्या रेषेवर जवळची गावं बहुतेक वेळा जवळच राहतात. काही मात्र दूर पडतात, म्हणून एक शोध रेषेच्या दोन-चार तुकड्यांत करावा लागतो.

मूस यांनी १९१० मध्ये १८४६ ते १९०५ च्या नोंदींचे दोन जाडजूड खंड काढले. अनेक वादळांची सरासरी काढून वादळ कसं चढतं, कसं ओसरतं हे त्यांनी दाखवलं. १९३६ मध्ये ते वारले. अलिबागची मोजणी आजही चालू आहे, आणि १८५९ चं ते वादळ किती मोठं होतं याचा अंदाज शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये कुलाब्याच्याच नोंदीवरून बांधला.