लोकनायकांचा संस्कृत ‘यशोर्णव’

यवतमाळ जिल्ह्यातील वणी आज कोळशाच्या खाणींसाठी ओळखली जाते. याच गावी २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे यांचा जन्म झाला. नागपुरात पदवी घेतल्यानंतर त्यांनी काही वर्षे अमरावतीत शिक्षकी केली आणि पुढे यवतमाळात वकिली सुरू केली. राजकारणात लोकमान्य टिळकांना त्यांनी गुरू मानले.

१९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. वऱ्हाडातील शेतकऱ्याला मात्र मिठाहून जंगलाचा कायदा अधिक जाचत होता. गुरांसाठी गवत कापणेही राखीव जंगलात गुन्हा ठरत असे. बापूजींनी नेमके तेच हेरले. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ त्यांनी गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला.

कायदा मोडणारे हेच बापूजी १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, याचे अनेकांना नवल वाटले. टीकाही झाली. मात्र फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण आरंभले, तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह बापूजींनी राजीनामा दिला. गांधीजींशी त्यांचे सर्वच बाबतींत पटत होते असे नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या राजीनाम्याचे मोल कळते. त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. पुढे १९४८ ते १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते.

भाषेच्या बाबतीतही त्यांना एका चौकटीत बसविता येत नाही. १९२८ च्या ग्वाल्हेर मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. तरीही स्वतंत्र विदर्भाचा आग्रह त्यांनी सोडला नाही. एक भाषा म्हणजे एकच राज्य, हे त्यांना मान्य नव्हते. १९६२ मध्ये वयाच्या ऐंशीनंतर ते नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले.

उतारवयात त्यांनी गुरूचे चरित्र लिहिले, तेही मराठीत नव्हे, संस्कृतात आणि पद्यात! न. चिं. केळकरांचे मराठी टिळकचरित्र उपलब्ध असताना हा खटाटोप कशासाठी, असे कोणालाही वाटेल. पण मराठी चरित्र महाराष्ट्रापुरते. संस्कृत काशीपासून केरळपर्यंतच्या पंडितांना कळणार. शिवाय खटले, वृत्तपत्रे, मंडालेचा तुरुंग हे सारे आधुनिक विषय प्राचीन भाषेत आणि वृत्तात बसवायचे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ म्हणजे टिळकांच्या यशाचा सागर. या महाकाव्याची श्लोकसंख्या बारा हजारांहून अधिक आहे.

२६ जानेवारी १९६८ रोजी बापूजींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले होते. ग्रंथ त्यानंतर तीन खंडांत निघाला आणि १९७३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा मरणोत्तर पुरस्कार मिळाला. आज यवतमाळचे एक महिला महाविद्यालय बापूजींच्या नावाने चालते. त्यांच्या जन्मगावच्या, वणीच्या महाविद्यालयाला नाव आहे ते लोकमान्य टिळकांचे.