गळकरी ग्रंथकार आयझॅक वॉल्टन

आपल्या जाम नदीच्या काठी गळ टाकून तासन्‌तास स्वस्थ बसणारा मनुष्य दिसला म्हणजे जग त्याला रिकामटेकडा म्हणते. परंतु याच छंदावर एका दुकानदाराने लिहिलेला ग्रंथ साडेतीनशेहून अधिक वर्षे आवडीने वाचला जात आहे. त्या ग्रंथकाराचा अल्प परिचय आम्ही येथे विद्यार्थिमित्रांस करून देत आहोत.

आयझॅक वॉल्टनचा जन्म १५९३ साली इंग्लंडातील स्टॅफर्ड येथे झाला. वयाची चार वर्षे पुरी होण्यापूर्वीच त्याचे पितृछत्र हरपले. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. लंडनमध्ये उमेदवारी करून त्याने फ्लीट स्ट्रीट भागात दुकान थाटले. कवी व धर्मोपदेशक जॉन डन याचा स्नेह त्यास लाभला आणि १६४० साली त्याने डनचे चरित्र लिहिले. परंतु संसारसुख त्याच्या वाट्यास थोडेच आले. प्रथम पत्नीपासून झालेली सातही अपत्ये बालपणीच गेली. १६४० साली तीही निवर्तली. पुढे देशात यादवी माजली आणि १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. अशा काळात, साठीच्या उंबरठ्यावर, १६५३ साली त्याने ‘द कम्प्लीट अँगलर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोणाविषयी कटुता नाही. आहेत त्या नद्या, कुरणे, मासे आणि मित्रांचा संवाद.

या ग्रंथातील एक बारीकसा विषय आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. आमच्या कोकणी मुलखात ज्याला गरी म्हणतात, त्या गळाला जोडलेला दोरीचा शेवटचा भाग फार महत्त्वाचा. तो जाड असेल तर मासा बिचकतो. कच्चा असेल तर हाती आलेला मासा निसटतो. त्या काळी ही दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची करीत. सारंगीच्या गजाला लावतात तेच हे केस. वॉल्टन सांगतो की केस गोल, स्वच्छ, काचेसारखे नितळ आणि गाठी-खरवड नसलेले निवडावेत. असा एक केस तीन वाईट केसांची बरोबरी करतो. ते आधी धुवावेत. सर्व केस सारख्या जाडीचे घ्यावेत, कारण सारखे केस ताण मिळून सोसतात. असमान केस एकेक करून तुटतात आणि विश्वासून राहिलेल्यास दगा देतात. पीळ दिल्यावर पाव तास पाण्यात ठेवून पुन्हा पिळावेत, नाहीतर भिजताच एखादा केस आखडून सारा ताण त्या एकावर येतो.

पिसे व रेशीम गुंडाळून केलेला खोटा कीटक पाण्यावर अलगद टाकून मासा पकडण्याची कला वॉल्टनला तितकीशी अवगत नव्हती. म्हणून १६७६ सालच्या पाचव्या आवृत्तीत त्याने तो भाग आपल्याहून सदतीस वर्षांनी लहान असलेल्या चार्ल्स कॉटन या मित्राकडून लिहवून घेतला. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. गळाजवळ दोन केस, त्यावर तीन, मग चार, अशी दोरी क्रमाने जाड करीत न्यावी, असे कॉटनने सांगितले. त्यामुळे फेकीचा जोर टोकापर्यंत पोचतो आणि कीटक हलकेच पाण्यावर उतरतो. पुढे केसांच्या जागी रेशीमकिड्यापासून काढलेली तात आली, १९३८ नंतर नायलॉन आले. पण टोकाकडे निमुळते होत जाण्याचा नियम आजही तोच आहे. डव्ह नदीकाठी कॉटनने १६७४ साली बांधलेल्या कुटीच्या दारावर दोघा मित्रांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत.

वॉल्टन १६८३ साली, नव्वदाव्या वर्षी, विंचेस्टर येथे वारला. पाण्याखाली कोणास न दिसणारी दोरीही त्याने निष्काळजीपणे वळली नाही, आणि जे स्वतःस येत नव्हते ते वयाने लहान असलेल्या मित्रास सांगू दिले. वर्ग असो वा गाव, सर्वांनी सारखा ताण सोसला तरच दोर टिकतो, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावी.